पिकतं तिथं मंतरत नाही

शनिवारी सकाळी हडपसरच्या गाडीतळावर सिग्नल लागला की लिंबू-मिरचीवाली पोरं गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत येतात. तारेत ओवलेला बिब्बा नाहीतर कोळशाचा खडा, वर लिंबू, त्याच्यावर सात हिरव्या मिरच्या. मागच्या शनिवारची वाळलेली माळ तोडायची, रस्त्यावर टाकायची, नवी बंपरला अडकवायची, पैसे घ्यायचे आणि पुढची गाडी गाठायची. रिक्षा, टेम्पो, शाळेची बस आणि सहा एअरबॅगांची परदेशी मोटार, सगळे एकाच रांगेत. सातवी एअरबॅग मिरच्यांची. एका पोराला मी विचारलं, “बांधताना काही मंत्रबिंत्र म्हणत नाहीस का रे?” तो म्हणाला, “मंत्र म्हणेस्तोवर सिग्नल सुटंल ना काका.”

हडपसरला चमत्काराचं तसं अप्रूप नाही. उसाच्या फडांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी जमिनी विकण्याऐवजी एकत्र केल्या आणि स्वतःच बिल्डर झाले. रुमालाचं कबुतर करणाऱ्यांनी याच्यापुढं टोपी उतरवावी. आषाढीच्या वाटेवर माउली आणि तुकोबा यांच्या पालख्या याच हडपसरात एकमेकींचा निरोप घेतात. माउली दिवे घाटाकडं वळतात, तुकोबा लोणी काळभोरला जातात. ज्यांनी भिंत चालवली, त्यांची पालखी वर्षातून एकदा इथून चालत जाते. उरलेलं वर्षभर गाडीतळावर काहीही चालत नाही.

तर चमत्कार होतात. ते करताना तोंडानं काय पुटपुटायचं, यावर मात्र आमच्या सोसायटीत एकमत नाही. क्लबहाउसात एका वाढदिवसाला जादूगार आला होता. चंदेरी किनारीचा काळा कोट, मे महिना, आणि एसी ‘कमिटीच्या परवानगीनंतर’ चालू होणारा. त्यानं टोपीवर रुमाल टाकला आणि विचारलं, “कौन बोलेगा मॅजिक वर्ड?” मराठी पोरं एका सुरात ओरडली, “आबराकाडाब्रा!” तमिळ मुलगी म्हणाली, “जी बूंबा!” बंगाली मुलगा म्हणाला, “हिंग टिंग छट!” दिल्लीच्या जुळ्यांनी ‘छूमंतर’ केलं. मागच्या रांगेत एक आजोबा पेंगत होते, त्यांना एकदम ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू आठवला आणि ते गरजले, “ओम फट् स्वाहा!” केरळच्या पोरानं तेवढी घरच्याच भुताला हाक मारली, “ओम ह्रीं कुट्टिच्चात्ता!” जादूगार सातववाडीचा. त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं, “गिली गिली गिली छू” म्हणाला आणि कबुतर काढलं. समोर बसलेला पहिलीतला पोरगा म्हणाला, “हे बाहीतून काढलं.” जादूगारानं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्याला गायब करण्याचा मंत्र त्या क्षणी कुणी सांगितला असता तर त्यानं वेगळे पैसे मोजले असते.

त्या दिवसापासून मी हे शब्द कुठून कुठं गेले ते बघत बसलो आहे, आणि माझं ठाम मत झालं आहे, की आपल्याकडची ‘पिकतं तिथं विकत नाही’ ही म्हण भाजीपाल्यापेक्षा मंत्रांना जास्त लागू पडते. मंत्र नेहमी दुसऱ्या गावचा लागतो.

आबराकाडाब्राचंच बघा. हा शब्द लिहिलेला सापडतो तो सेरेनस सॅमोनिकस नावाच्या रोमन गृहस्थाच्या औषधांवरच्या पद्यग्रंथात, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपास. तिथं तो टोपीतून ससा काढण्यासाठी दिलेला नाही, हिवतापावर दिलेला आहे. पहिल्या ओळीत अख्खा शब्द लिहायचा, खालच्या ओळीत एक अक्षर कमी, त्याखाली आणखी एक कमी, असं करत शेवटी एकच अक्षर उरवायचं आणि तो त्रिकोण गळ्यात बांधायचा. अक्षरं उतरतील तसा ताप उतरेल. थोडक्यात, ताईत. १६६५ च्या लंडनच्या प्लेगातही लोक हा त्रिकोण बाळगत होते, असं डॅनियल डीफोनं लिहून ठेवलं आहे. शब्द मुळात अरामी की हिब्रू, यावर पंडित अजून भांडतात. लॅटिनमध्ये त्याला काही अर्थ नव्हता, हेच त्याचं भांडवल. योगायोग असा, की हिवतापावरची लस आता आमच्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटनं ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांबरोबर काढली आहे. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली. तिचं नाव आर-२१. नावात काही दम नाही. मंत्र म्हणून सेरेनसचाच शब्द भारी, पण गुण येतो तो आर-२१ नं.

रोमनांना परका शब्द लागला, तर इंग्रजांना रोमनांचा लागला. सतराव्या शतकात तिकडच्या जत्रांतले हातचलाखीवाले ‘होकस पोकस’ म्हणत काहीतरी लॅटिनसारखं बडबडायचे. चर्चमध्ये पाद्री ‘होक एस्त कोर्पुस’ म्हणतात त्याची ही वेडीवाकडी नक्कल, असं त्याच शतकातल्या एका आर्चबिशपनं नाक मुरडून लिहिलं. त्याचं खरं असो वा नसो, फसवणुकीला इंग्रजीत जो ‘होक्स’ म्हणतात तो याच ‘होकस’चं पिल्लू समजला जातो.

आणि गिली गिली? सुएझ कालव्याच्या तोंडाशी पोर्ट सैद बंदरात बोटी थांबत. तिथले इजिप्शियन जादूवाले डेकवर चढत आणि ‘गली गली’ करत प्रवाशांच्या खिशांतून कोंबडीची जिवंत पिलं काढत. त्यांना नावच ‘गली गली मॅन’ पडलं होतं. हा घोष आपल्याकडं गाजवला गोगिया पाशांनी. पाशा मूळचे पंजाबी, खरं नाव धनपतराय गोगिया, वेश मात्र इजिप्तचा. ‘धनपतराय’ अशी हाक मारल्यावर फार तर दुकानाचा मुनीम बाहेर येतो, कबुतर येत नाही, हे त्यांनी वेळेवर ओळखलं. आपले पुण्याचे जादूगार रघुवीर यांनीही भोपळे हे आडनाव पडद्याआड ठेवलं. शहाणपणाचंच होतं ते. प्रेक्षकांना हात उघडून दाखवल्यावर मराठी माणसाच्या मनात भोपळा हा शब्द येऊन चालत नाही. त्यांच्या घरात ही कला तीन पिढ्या टिकली, आणि तीही पुण्यात, जिथं लोक तिकीट काढून जादूगाराची चूक पकडायला बसतात.

आता बंगालकडं वळू. बसच्या सीटमागं, विजेच्या डीपीवर, मुतारीच्या भिंतीवर एक चिठोरं असतंच: बाबा बंगाली, प्रेमात अपयश, सासू-सून, कोर्ट-कचेरी, मूठकरणी, चोवीस तासांत गॅरंटी. बाबा बंगालचे असतीलच असं नाही, किंबहुना नसतातच, पण ‘बाबा बारामतीकर’ अशी चिठ्ठी लावली तर लोक वशीकरणासाठी जाणार नाहीत, बदलीसाठी जातील. आमच्या तिसऱ्या मजल्यावर अस्सल बंगाली दादा राहतात. मगरपट्ट्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत, मासा सोडून कशावर श्रद्धा नाही. त्यांच्याकडं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात दार लोटून घेऊन त्यांना विचारलं होतं, “दादा, पोराचं लग्न जुळत नाही. तुमच्याकडचं काहीतरी द्या ना.” दादांनी मिष्टी दोईची रेसिपी दिली. लग्न जुळलं. तेव्हापासून मजल्यावर त्यांचा दबदबा आहे.

दादा म्हणतात, आमच्याकडं लोक बंगालच्या जादूवर विश्वास ठेवत नाहीत. ते आसामकडं बोट दाखवतात, कामरूपची कामाख्या, नाहीतर मायोंग गाव. आणि त्यांच्या पोरानं क्लबहाउसात म्हटलेलं ‘हिंग टिंग छट’ हे तर रवींद्रनाथांच्या १८९२ सालच्या एका उपहासकवितेचं नाव निघालं. राजाला स्वप्नात हे तीन शब्द ऐकू येतात, अर्थ काही लागत नाही, राज्यात झोप उडते, देशोदेशीचे पंडित हात टेकतात, आणि शेवटी एकजण लांबलचक, अगम्य, तत्त्वज्ञानी थाटाचा खुलासा करतो. कुणालाच तो कळत नाही, त्यामुळं सगळ्यांचं समाधान होतं. टागोरांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलं आणि आपण अजून वार्षिक सभेत अध्यक्षांचं भाषण ऐकून टाळ्या वाजवतो.

याच दादांचं बाळ एकदा रात्री थांबेचना. डॉक्टर झाले, ग्राइपवॉटर झालं, मोबाइलमधली पाऊस पडल्याची आवाजफीत झाली. शेवटी दादांची बायको, म्हणजे बौदी, समोरच्या काकूंकडं आल्या आणि म्हणाल्या, “आंटी, वो आपका मराठीवाला कीजिए ना. वो स्ट्राँग है.” काकूंनी मुठीत मीठ-मोहरी घेतली, दोन लाल मिरच्या घेतल्या आणि बाळावरून उतरवत सुरू केलं: आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, लिफ्टमधल्याची, सिक्युरिटीची, पार्सलवाल्याची, कमिटीच्या खजिनदाराची, दृष्ट लागली असेल तर जळून जावो. बौदी हात जोडून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर वेदपठण ऐकल्याचा भाव होता. खजिनदारांचं नाव त्या यादीत का घातलं, हे समजण्याइतकं मराठी त्यांना येत नव्हतं, म्हणून बाळाला गुण आला. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते हेही आहेच.

आणि काकूंच्या स्वतःच्या नातवाला नजर लागली, तेव्हा? त्या त्याला घेऊन देवऋष्याकडं गेल्या. मीठ-मोहरी घरचीच, तिचा काय गुण येणार? देवऋषी पुरंदरच्या मातीतला, बोलणं रांगडं मराठी, पण अंगारा लावताना तोंडातून निघालं, “ओम नमो आदेश गुरू को.” नाथपंथाची शाबरी विद्या. मच्छिंद्र-गोरखाच्या कथा आपण मालूकवीच्या ‘नवनाथ भक्तिसार’मध्ये शुद्ध मराठी ओव्यांत वाचतो, पण मंत्र म्हणायची वेळ आली की मोडक्यातोडक्या हिंदीला पर्याय नाही. गारुडी, देवऋषी, रस्त्यावरचा डोंबारी, सगळे ऐन मोक्याला हिंदीत शिरतात. “बच्चालोग, ताली बजाव.” ‘बाळांनो, टाळ्या वाजवा’ म्हटलं तर पोरांना वाटेल बालवाडी भरली.

अलीबाबाची गुहा हा याला एकमेव अपवाद, असं मी मानत आलो आहे. हिंदीवाल्यांनी ‘खुल जा सिम सिम’ करून अरबी ‘सिमसिम’ तसंच ठेवलं. मराठीनं मात्र बेधडक तीळ केले: ‘तिळा तिळा दार उघड’. संक्रांतीच्या हलव्याइतकी घरगुती जादू. गोष्ट मात्र फिरून आलेली आहे. ती सांगितली अलेप्पोच्या हन्ना दियाब नावाच्या माणसानं, लिहिली गालाँ नावाच्या फ्रेंच माणसानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि अरबी मूळ हस्तलिखितांत तिचा पत्ता नाही. अरबी कथांना मराठीत ‘सुरस व चमत्कारिक’ हे नाव दिलं ते कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी. या दोन विशेषणांत आमच्या सोसायटीचं इतिवृत्तही बसतं.

त्या गोष्टीतला अलीबाबाचा भाऊ कासिम गुहेत शिरतो, सोनं भरतो आणि बाहेर पडताना धान्याचं नाव विसरतो. ‘जवा, दार उघड’ म्हणतो आणि मारला जातो. हडपसरच्या सोसायट्यांच्या गेटवर हा प्रसंग रोज घडतो, मारलं तेवढं जात नाही. आमचे मामा इंदापूरहून मक्याच्या कणसांचं पोतं घेऊन आले. गेटवरच्या केबिनमध्ये प्लास्टिकची खुर्ची, दोरीनं बांधलेलं पेन, फाटलेली वही आणि वहीच्या वर ठेवलेला मोबाइल. वॉचमन बिहारचा. तो म्हणाला, “कोड बताइए.” मामा म्हणाले, “मी मामा हाय त्याचा.” “कोड?” “सख्खा मामा.” मला फोन लावला तर मी मीटिंगमध्ये. मामांना सहा आकड्यांचा कोड मेसेजमध्ये गेला होता, पण त्याच्या वर बँकेचे सतरा मेसेज आणि खाली खताच्या दुकानाचे. त्यांनी वाचून दाखवला तो युरियाच्या पावतीचा नंबर. पुन्हा वाचला तो आधारच्या ओटीपीचा. कासिमच्या जागी मामा असते, तर ज्वारी, बाजरी, हरभरा, करडई, सूर्यफूल अशी सगळी पिकं घेत अर्ध्या तासात तिळावर आले असते. सहा आकड्यांचं पीक त्यांनी कधी घेतलेलं नाही. शेवटी त्यांनी पोत्यातली चार कणसं काढून वॉचमनच्या खुर्चीवर ठेवली. दार उघडलं. हा मंत्र सगळ्या भाषांत चालतो, आणि त्याला म्हणे अँटिकरप्शनवाले वेगळं नाव देतात.

लहान मुलांचं या बाबतीत बरं असतं. त्यांचे मंत्र मोफत आणि तत्काळ. धावता धावता मुठीवर थुंकून “टॅम्प्लीज” म्हटलं, की ज्याच्यावर राज्य आहे त्याला हातही लावता येत नाही. ‘टाइम प्लीज’ हा त्याचा मूळ अवतार कळला तर त्यातली ताकद जाईल, म्हणून कुणी पोरांना सांगत नाही. दुसरा मंत्र “स्टॅच्यू”. समोरचा पोळी तोंडात अर्धी घालून तसाच थिजतो. तंत्रशास्त्रात याला स्तंभन म्हणतात. शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण ही तिथली सहा कर्मं. त्यातलं विद्वेषण हल्ली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतं, बाकीच्यांची माहिती वर सांगितलेल्या चिठोऱ्यांवर मिळते.

या सगळ्या अघोरी धंद्यांविरुद्ध महाराष्ट्रात कायदा झाला तो २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाल्यानंतर. त्यासाठी त्यांनी उभी हयात वेचली होती. कायदा चांगला आहे, हवाच होता. मला मजा वाटते ती त्याच्या लांबलचक नावाची. त्यात या प्रथांना प्रतिबंध घालून त्यांचं ‘समूळ उच्चाटन’ करण्याचं म्हटलं आहे. म्हणजे जादूटोणा हटवण्यासाठी सरकारनं जादूटोण्याच्याच पोथीतलं पाचवं कर्म योजलं. मसुदा करणाऱ्याला हे ठाऊक होतं, असं समजायला मला आवडेल.

भूत टाळण्याचा सगळ्यात स्वस्त मंत्र मात्र कर्नाटकात निघाला. नव्वदच्या दशकात तिकडं दारोदार फिरणाऱ्या एका हडळीची हूल उठली आणि लोकांनी दारावर लिहून ठेवलं, ‘नाळे बा’. म्हणजे उद्या ये. हडळ यायची, वाचायची, उद्या यायचं ठरवून परत जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला मी हे सांगितलं, तेव्हा त्यानं काउंटरवरच्या ‘आज रोख उद्या उधार’ या पाटीकडं बोट दाखवलं आणि विचारलं, “त्यांनी आमच्याकडून घेतलं का?” त्याच्या पाटीनं हडळी किती परतवल्या कोण जाणे, सोसायटीचे तीन माजी सेक्रेटरी तरी परतलेले मी पाहिले आहेत.

या सगळ्यात एक शब्द मला छळतो, तो गंडा. बाबा मनगटात बांधतो तोही गंडा, आणि पेपरात ‘ज्येष्ठ नागरिकाला लाखोंचा गंडा’ असं येतं तोही गंडाच. पूर्वी पहिला बांधून दुसरा घालावा लागे. आता फोनवर थेट दुसरा घालता येतो. शेंडी लावणे, टोपी घालणे, चुना लावणे, मामा बनवणे, अशी हातसफाईची अख्खी पेटी मराठीत पडून असताना या नव्या गारुड्यांनी त्यातलं एकही अवजार उचललं नाही. त्यांनी परका मंत्र आणला: “धिस इज कॉल फ्रॉम कस्टम्स. यू आर अंडर डिजिटल अरेस्ट.” झालं. पन्नास वर्षं हिशोब तपासलेला माणूस स्टॅच्यू होतो. खोलीचं दार लावून घेतो, कॅमेऱ्यासमोर बसून राहतो, बायकोला सांगत नाही आणि ठेवी मोडतो. हाच चोर “ए काका, पोलीस ठाण्यातनं बोलतोय, पैशे टाक की” असं म्हणाला असता, तर काकांनी त्याच्या सात पिढ्यांचं उच्चाटन केलं असतं.

म्हणून एक विनंती. भारताच्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची काही गोष्ट नाही. पोलीस, सीबीआय, कोर्ट, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. असा फोन आला तर इंग्रजीत उत्तर देऊ नका, हिंदीतही नको. सरळ मराठीत विचारा, “कोण रे तू? कुठल्या गावचा? कुणाचा?” बहुतेक मंत्र गाव विचारल्यावर उतरतात. ओटीपी मामांनाही सांगू नका. आणि पैसे गेलेच असतील, तर अंगारा-धुपारा करण्यात वेळ न घालवता ताबडतोब १९३० हा क्रमांक फिरवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता जास्त.